मानव्यविद्यांचं संशोधन पोहोचतं कुठे आणि उपयोगी पडतं कुणाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतिहास, भाषा, साहित्य, तत्त्वज्ञान, धर्म, कला यांच्या अभ्यासाबद्दल विद्यार्थी, पालक आणि एरवी या वाटेला न जाणारे वाचकही तेच ते प्रश्न विचारत असतात. त्यांतले नेहमीचे इथे घेतले आहेत. उदाहरणं बहुतेक पुण्या-मुंबईची, मुळशी-फलटणची आणि गोव्याची आहेत. कुणाला शहानिशा करावीशी वाटली तर फार लांब जावं लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

मानव्यविद्या म्हणजे आपलं 'आर्ट्स'च ना?

कॉलेजच्या बोलीत हो. राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र यांना सामाजिक शास्त्रं म्हणून वेगळं काढतात, पण मधलं कुंपण फार पक्कं नाही. इरावती कर्वे मानवशास्त्राच्या, पण मराठी वाचकाला त्या आठवतात महाभारतावरच्या लेखनामुळे. दा. ध. कोसंबी पेशाने गणिती. त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक पोथ्या ताडून ठरवलेली संहिता, काढली आणि प्राचीन भारताच्या इतिहासाकडे बघायची रीतच बदलून टाकली. कोण कुठल्या फॅकल्टीचं हा वाद प्रवेशाच्या फॉर्मपुरता ठेवावा.

पुस्तकं तर आधीच लिहिलेली आहेत. त्यात संशोधन ते काय करायचं?

महाभारताचंच घ्या. 'महाभारतात असं म्हटलंय' असं आपण ठोकून देतो, तेव्हा नेमक्या कुठल्या महाभारतात? काश्मिरातली शारदा लिपीतली पोथी, बंगालची पोथी आणि केरळची मल्याळम लिपीतली पोथी शेजारी शेजारी ठेवल्या तर श्लोकच्या श्लोक वेगळे निघतात, अध्याय कमी-जास्त होतात. हा गुंता सोडवून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचं काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलं. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला शिकलेले आणि पुढे बर्लिनमध्ये हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली तयार झालेले हे गृहस्थ.

काम कसं चालायचं ते जवळून पाहण्यासारखं आहे. एक श्लोक घ्यायचा. चौकटी आखलेल्या कागदाच्या माथ्यावर, एका चौकटीत एक अक्षर, असा तो लिहायचा. खाली प्रत्येक पोथीसाठी एक आडवी ओळ. ज्या पोथीत पाठ, म्हणजे तिथला शब्द, वेगळा असेल, तिच्या ओळीत त्या त्या अक्षराखाली तो नोंदवायचा. श्लोक संपला की दुसरा कागद. पोथ्या थोड्याथोडक्या नव्हेत, सगळ्या पर्वांच्या मिळून १२५९. तुलनेचं काम पुण्याबरोबर शांतिनिकेतन आणि तंजावर इथेही चाले. सभापर्व संपादित केलं अमेरिकेतल्या फ्रँकलिन एजर्टन यांनी, उद्योगपर्व सुशीलकुमार डे यांनी, विराटपर्व रघुवीर यांनी. सुकथनकर १९४३ मध्ये गेले. त्यांच्यामागे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि नंतर प. ल. वैद्य यांनी धुरा घेतली. १९६६ साली राष्ट्रपती राधाकृष्णन पुण्याला आले तेव्हा हे काम पुरं झालं होतं. सुरुवातीचं मोठं आर्थिक पाठबळ औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचं, आणि मदत करणाऱ्यांत हैदराबादचे निजामही होते. आजच्या वादंगात हे मुद्दाम आठवायला हवं.

छापलेल्या पानावर वर संहिता असते आणि खाली बारीक टायपात पाठभेदांची दाटी. वरच्या संहितेत एखादा शब्द संपादकाला छातीठोकपणे सांगता येत नसेल, तर त्या शब्दाखाली नागमोडी रेघ छापलेली असते. इथे माझी खात्री नाही, खाली सगळे पाठ दिले आहेत, तुम्हीच बघा, असं ती रेघ सांगते. या सगळ्या पसाऱ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही रेघच.

म्हणजे या आवृत्तीत जे नाही ते खोटं?

अजिबात नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. व्यासांनी सांगायचं आणि गणपतीने लिहायचं, ही गोष्ट चिकित्सक आवृत्तीत मुख्य संहितेबाहेर, परिशिष्टात गेली. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा तळटीपांत गेला. संहितेत वस्त्रामागून वस्त्र येत राहतं, एवढंच उरतं. याचा अर्थ इतकाच की उपलब्ध पोथ्यांच्या साक्षीवरून हा मजकूर मागाहून आलेला दिसतो. पण तो आला, शेकडो वर्षं टिकला, कीर्तनांत गेला, चित्रांत गेला, घराघरांत गेला. तो कधी, कुठल्या प्रांतात, कुणाच्या भक्तीतून आला हा त्यापुढचा प्रश्न, आणि तो अधिक रंगतदार आहे. संपादकांनी एकही ओळ फेकून दिली नाही, सगळं पानाच्या तळाशी किंवा परिशिष्टात जपून ठेवलं. इरावतीबाईंनी महाभारतातल्या माणसांवर लिहिताना याच आवृत्तीचा आधार घेतला, म्हणून त्यांची द्रौपदी आणि त्यांचा कर्ण टीव्हीवरच्यांपेक्षा इतके वेगळे दिसतात.

हे सगळं जगात वाचतं तरी कोण?

वाचणाऱ्यांपेक्षा वापरणारे किती तरी जास्त. शिकागोत व्हान ब्यूटेनेन यांनी इंग्रजी भाषांतर सुरू केलं ते पुण्याची आवृत्ती पुढ्यात ठेवून. बिबेक देबरॉय यांनी दहा खंडांत केलेलं भाषांतरही तिचंच. क्योतो विद्यापीठातल्या मुनेओ तोकुनागा यांनी सगळी संहिता संगणकावर चढवली, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली आणि आज कुणीही ती फुकट उतरवून घेऊ शकतं. कागदाच्या चौकटीतून सुरू झालेला श्लोक जपानमार्गे परत आपल्या मोबाइलवर आला.

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचं उदाहरण आणखी वेगळं. मुंबईत वकिली करणारा माणूस. एका जुन्या ग्रंथाला प्रस्तावना लिहायला म्हणून बसले, ती प्रस्तावना फुगत गेली आणि धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत, साडेसहा हजारांवर पानांत उभा राहिला. पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं. दत्तक, वारसा, स्त्रीधन असे विषय निघाले की भारतातली न्यायालयं या ग्रंथाचा आधार घेत आली आहेत, आणि धर्मशास्त्रावर काम करणारा जगातला कुठलाही अभ्यासक काण्यांना वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही.

परदेशी लोकांना आपल्या गोष्टींत एवढा रस का? काहीतरी डाव असणारच.

कधी कधी होता. मोल्सवर्थ हे कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी. १८३१ साली त्यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये. राज्य चालवायला रयतेची भाषा कळायला हवी होती, हे उघड आहे. शब्द गोळा करून देणारे प्रामुख्याने ब्राह्मण पंडित, म्हणून कुठला शब्द शिष्ट आणि कुठला गावंढळ हे ठरवताना त्यांचीच नजर दिसते. मुखपृष्ठावर नाव मात्र साहेबाचं. एवढं सगळं मान्य करूनही सांगतो, जुन्या मराठीत कुठे अडलं की आजही आधी मोल्सवर्थच उघडावा लागतो, आणि तो शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर फुकट ठेवलेला आहे.

पण पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांना याच मापाने मोजणं अन्यायाचं. हायडेलबर्गचे गुंथर सोनथायमर धनगरांच्या वाड्या-वाड्यांवर हिंडले आणि १९७६ साली बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावर जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला. आपल्याकडचे बरेच विद्वान तेव्हा या देवांना विद्यापीठाच्या पायरीवरही उभं करत नव्हते. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर प्रबंध लिहिला आणि दलित साहित्य इंग्रजी वाचकांपर्यंत नेलं. ॲन फेल्डहाउस यांनी शं. गो. तुळपुळे यांच्याबरोबर जुन्या मराठीचा कोश सिद्ध केला. गेल ऑम्व्हेट सत्यशोधक चळवळीवर बर्कलेत पीएच.डी. करून सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात राहायला आल्या, भारतीय नागरिक झाल्या आणि चळवळीत उतरल्या. मॅक्सीन बर्नसन फलटणच्या बोलीवर भाषाशास्त्राचा अभ्यास करायला आल्या आणि तिथेच राहिल्या. कुठल्या घरातलं मूल कशी मराठी बोलतं आणि शाळा त्याला काय मानते, हे त्यांनी इतक्या जवळून पाहिलं की पुढे त्यांनी तिथे शाळाच काढली. अमेरिकेत मराठी शिकणारे विद्यार्थी ज्या पुस्तकांवरून शिकत आले, तीही त्यांच्याच हातची.

डाव आहे की नाही हे पुस्तक वाचून, त्याचे पुरावे तपासून ठरवावं. आडनाव बघून ठरवू नये.

मग सगळं ज्ञान तिकडून इकडेच येतं का?

मुळीच नाही. गोव्यातल्या सांखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी बुद्ध काय म्हणाला हे समजून घ्यायच्या ध्यासाने घर सोडून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ करत थेट श्रीलंकेत जाऊन पाली शिकले. पुढे हार्वर्डने त्यांना 'विशुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावलं आणि नंतर लेनिनग्राडलाही त्यांनी पाली शिकवली. शालेय शिक्षण जेमतेम झालेला हा माणूस, पण अमेरिकेतल्या प्राध्यापकांचं त्याच्यावाचून अडत होतं. इकडे त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली आणि बौद्ध विचार सोप्या मराठीत आणला.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापलं तेव्हा ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल. पुण्यात बसून शूद्रातिशूद्रांच्या प्रश्नाची सांगड निग्रोंच्या मुक्तीशी घालणारा हा माणूस कुठल्याही विद्यापीठात नव्हता. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. रक्ताच्या शुद्धीवरून जात समजावणाऱ्या युरोपीय पंडितांना त्यांनी तिथेच खोडून काढलं आणि सजातीय विवाह हे जातीचं मर्म आहे असं मांडलं. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. तिथले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करत होते, त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातिभेदावर कायद्याने बंदी घातली, तेव्हा त्या बाजूने उभ्या राहिलेल्यांत तिथल्या आंबेडकरी संघटना होत्या. १९१६ च्या त्या निबंधातला विचार इतका लांब चालत गेला आहे.

हे थोरामोठ्यांचं झालं. साध्या माणसाला काय मिळतं?

मुळशीच्या डोंगरी भागात गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर गरिबांच्या संघटनेचं काम करत होते. बायका बोलतील कशा, हा प्रश्न होता. सभेत गप्प बसणाऱ्या बायका जात्यावर बसल्या की मात्र सगळं बोलत: माहेर, सासर, भाऊ, विठ्ठल, सीतेचा वनवास, नवऱ्याचा मार, भीमाचं म्हणजे बाबासाहेबांचं कौतुक. त्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात झाली आणि बघता बघता एक लाखाहून अधिक ओव्या, हजारभर गावांतून, जमा झाल्या. पुष्कळशा ध्वनिमुद्रितही केल्या. प्रत्येक ओवीपुढे बाईचं नाव, गाव, तालुका. आता हा संग्रह 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर ऐकता येतो. पिठाच्या गिरण्या आल्या, दळायची जाती कोपऱ्यात गेली, आणि या ओव्या म्हणणाऱ्या बायका एकेक करून जात चालल्या आहेत. पंडितांनी केलेल्या कोशात मदतनिसांची नावं प्रस्तावनेत गडप होतात. इथे निरक्षर बाईचं नाव लेखक म्हणून नोंदलं गेलं. माझ्या मते मराठी संशोधनातलं हे फार मोठं पाऊल आहे, आणि विद्यापीठांनी अजून त्याचं पुरतं चीज केलेलं नाही.

दुसरं उदाहरण सरकारी आहे. बाबासाहेबांच्या पश्चात त्यांची अप्रकाशित हस्तलिखितं वर्षानुवर्षं पेट्यांत पडून होती. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून त्यांचे खंड काढायला सुरुवात केली. हे खंड स्वस्त ठेवले, म्हणून ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवरून खेड्यापाड्यांत गेले. आज जगभर आंबेडकरांवर जे लिहिलं जातं त्याच्या तळटीपांत तेच खंड असतात.

मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्यात संशोधनाचा काही वाटा होता का?

सगळाच. रंगनाथ पठारे समितीने अहवाल केला तो भाषणांच्या जोरावर टिकला नसता. नाणेघाटातले शिलालेख, 'गाथासप्तशती', 'लीळाचरित्र' यांच्यावर आधीच्या अभ्यासकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेलं काम तयार होतं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने निर्णय जाहीर केला आणि फटाके वाजले. फटाके वाजवणाऱ्यांपैकी कितींनी 'लीळाचरित्र' उघडून पाहिलं होतं, हा प्रश्न न विचारलेला बरा.

संशोधनामुळे लोकांच्या भावना दुखावतात. त्याचं काय?

दुखावतात, हे खरं आहे, आणि अभ्यासकाने ते गृहीत धरायला हवं. आंबेडकरांच्या खंडांपैकी हिंदू धर्मातल्या कोड्यांवरचा खंड १९८७ मध्ये आला, तेव्हा तो मागे घ्या म्हणून मुंबईत मोर्चे निघाले, आणि घेऊ नका म्हणून दलितांचेही प्रचंड मोर्चे निघाले. वाद झाला, वाटाघाटी झाल्या आणि खंड वाचकांच्या हाती राहिला. जानेवारी २००४ मध्ये मात्र एका परदेशी अभ्यासकाच्या शिवचरित्रविषयक पुस्तकावरून भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला. कपाटं फुटली, पुस्तकांची आणि पोथ्यांची नासधूस झाली. पुस्तकातलं विधान आक्षेपार्ह होतं असं मानणारे इतिहासकारही होते, आणि त्यांनी तसं लिहूनही कळवलं होतं. आक्षेप नोंदवायची ती रीत झाली. त्या पुस्तकावरची बंदी पुढे उच्च न्यायालयाने उठवली, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम केला. कपाटं फोडून मात्र त्या विधानातला एक शब्दही खोडला गेला नाही.

एवढा वेळ का लागतो?

डेक्कन कॉलेजचा संस्कृत महाकोश १९४८ साली सुरू झाला. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून चिठ्ठ्या केल्या, त्या कोटीच्या घरात गेल्या. पहिला खंड १९७६ साली निघाला, आणि त्यानंतरचे खंडामागून खंड 'अ'नेच सुरू होणाऱ्या शब्दांत गेले. यावर विनोद करायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण कुठल्या शब्दाचा कुठला अर्थ कधी, कुणी पहिल्यांदा वापरला हे पुराव्यानिशी सांगायचं तर दुसरा रस्ता नाही.

मराठी वाचकाला यातलं किती वाचायला मिळतं?

कमी, आणि ही खरी दुखरी जागा आहे. मराठी बायकांवर, मराठी देवांवर, मराठी चळवळींवर लिहिलेलं पुस्तक इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये निघतं. परदेशी छापील प्रत घ्यायची तर तालुक्याच्या कॉलेजातल्या प्राध्यापकाचंही धाडस होत नाही. शोधनिबंध पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत. ज्या गावावर प्रबंध झाला, त्या गावाला त्याचा पत्ता नसतो. आपल्याकडे अनुवादाला संशोधनाइतका मान मिळत नाही, म्हणून चांगली पुस्तकं वर्षानुवर्षं अनुवादाविना राहतात. त्यातल्या त्यात बरं म्हणजे मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट आहे, मोल्सवर्थ आणि तुळपुळे-फेल्डहाउस कोशही आहेत.

मुलाला इतिहास किंवा मराठी घेऊन एम.ए. करायचंय. पोटापाण्याचं काय?

गोड बोलून फसवण्यात अर्थ नाही. नेट-सेट होऊन, पीएच.डी. होऊनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे सीएचबीवाले प्रत्येक जिल्ह्यात आहेत. फक्त प्राध्यापकी डोळ्यांपुढे ठेवून यायचं असेल तर दहा वेळा विचार करा. पण अनुवाद, संपादन, अभिलेखागार, संग्रहालय, पत्रकारिता, स्पर्धा परीक्षा या वाटा खऱ्या आहेत. त्यासाठी मराठीबरोबर आणखी एक भाषा पक्की हवी: फारसी, पाली, कन्नड, जर्मन, काहीही. मोडी वाचता येणारा इतिहासाचा विद्यार्थी आणि न येणारा यांच्यात फार अंतर पडतं.

आमच्या घरी जुनी मोडी कागदपत्रं आहेत. काय करावं?

आधी काय करू नये ते. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. ऊन देऊ नका. गठ्ठा बांधलेला असेल तर त्याचा क्रम मोडू नका. कुठला कागद कुठल्या कागदाशेजारी होता, हीसुद्धा माहितीच असते. प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, मागच्या कोऱ्या बाजूवर बऱ्याचदा एखादी नोंद सापडते. कागद कुणाच्या घरातले, कुठल्या पेटीत होते, घरातली म्हातारी माणसं त्यांबद्दल काय सांगतात, हे वेगळ्या वहीत लिहून ठेवा.

मग जाणकार गाठा. पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करत आलं आहे. पुण्याच्या अभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कोट्यवधी कागद आहेत. गो. स. सरदेसायांनी त्यांतून निवडून १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड काढले, बाकीचा ढीग बहुतांशी अजून वाचायचाच आहे. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग आणि परीक्षाही होतात. कागद देऊनच टाकले पाहिजेत असं नाही, फोटो दिले तरी चालतात. आणि त्यात जमिनीचा करार न निघता नुसता किराणा-वाणसामानाचा हिशेब निघाला तर हिरमुसू नका. दीडशे वर्षांपूर्वी तुमच्या गावात गुळाचा भाव काय होता, कुणाच्या हाती किती दाणा जात होता, हे सांगणारा तोच कागद असतो.